पुराची तयारी: पहिल्या वर्षी एवढंच करा

पुरात लोकांना मदत करायला निघालेलं तुमचं मंडळ नवीन आहे, दहा-बारा पोरं आहेत, तेवढी पुरेत. वीस पानी आराखडा लिहीत बसू नका. एका कागदावर मावेल तेवढंच ठरवा.

सगळ्यात आधी पाण्याची पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. "पूर आला की निघू" ही काही योजना नव्हे. ३९ ला कोण कोणाला फोन करणार, टेम्पो कोण आणणार, हे नावानिशी लिहा. आणि प्रत्येक नावापुढे दुसरं नाव हवंच. २०१९ ला आमच्या मंडळाच्या सामानाच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे, तोच माडीवर अडकला होता. कुलूप शेवटी दगडानं फोडलं!

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- मदतीचा सगळा माल एकाच ठिकाणी. २०१९ आणि २०२१ ला पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला होता. नदीच्या दोन्ही अंगांना थोडं थोडं ठेवा.
- जुने कपडे. ढीग लागतो, कोणी हात लावत नाही. सॅनिटरी पॅड, क्लोरीनच्या गोळ्या, टॉर्च बघा. आणि चारा! जनावरांची सोय नसेल तर शिरोळकडचा माणूस गोठा सोडून येतच नाही.
- बोट. पहिल्या वर्षी नकोच, ते काम एनडीआरएफचं, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाचं.

मे महिन्यात तहसील कार्यालयात ओळख करून या. मग एखाद्या रविवारी पहाटे, न सांगता, सगळ्यांना फोन लावा. किती जण उचलतात ते मोजा. पुनर्वसनाचं पुढच्या वर्षी बोलू.