प्लास्टरआधी एसीचे पाइप आणि वायर: भिंत बुजवण्यापूर्वी काय पाहावे

कोल्हापुरात नागाळा पार्कातील आपल्या बांधकामात पुढच्या आठवड्यात प्लास्टर सुरू होणार, दोन बेडरूमचे एसी मात्र दिवाळीनंतर घ्यायचे. तोपर्यंत गॅसचे तांब्याचे पाइप आणि वायर भिंतीत टाकून ठेवा असे मिस्त्रींचे म्हणणे आहे आणि २.५ स्क्वेअर एमएमची वायर पुरते असे इलेक्ट्रिशियन सांगत आहेत, असा आपला प्रश्न आहे. पाइप आत्ताच टाकावेत, याबाबत मिस्त्रींचे बरोबर आहे. मात्र टाकून झाल्यावर पाइपांच्या तोंडाला चिकटपट्टी गुंडाळून ते रिकामे सोडू नयेत; एसी येईपर्यंत त्यांत नायट्रोजनचा दाब ठेवावा आणि वर दाब दाखवणारा गेज असावा.

राजारामपुरीतील माझ्या घरी पट्टीच गुंडाळली होती. पुढे चार महिन्यांनी सुताराने भिंतीतले कपाट बसवताना एक स्क्रू नेमका चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाच्या पाइपात घातला. पाइप रिकामा, त्यामुळे ना आवाज झाला ना कोणाला शंका आली. एसी बसल्यावर तीन आठवड्यांत खोली गार होईनाशी झाली, मेकॅनिकने दोनदा गॅस भरला, आणि शेवटी रंगवलेले कपाट उतरवून भिंत फोडली तेव्हा स्क्रूचे टोक तांब्यातून सूतभर आत गेलेले दिसले. त्याभोवती तेलाचा काळसर ओलावा पसरला होता. गेज असता तर काटा त्याच दिवशी खाली आला असता आणि सुतार अजून घरातच असता.

म्हणून प्रत्येक पाइपाचे एक टोक दाबून ब्रेझिंगने (धातू वितळवून दिलेल्या जोडाने) बंद करावे आणि दुसऱ्या टोकाला पिनचा चार्जिंग व्हॉल्व जोडून घ्यावा. प्लास्टरआधी ४०० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचे माप) नायट्रोजन भरून २४ तास थांबावे. दुपारी ३५ अंशांत घेतलेला ४०० चा आकडा पहाटे २५ अंशांत तेरा-चौदाने कमी दिसेल. ती गळती नव्हे, तो तापमानाचा फरक आहे. दुसऱ्या दुपारी काटा मूळ जागी आला, तर लाइन ठीक आहे असे समजावे. त्यानंतर दाब १०० ते १५० वर आणून तसाच ठेवावा आणि आठवड्यातून एकदा काट्याकडे नजर टाकावी. या कामासाठी वेल्डिंगच्या बाटलीतला ऑक्सिजन कोणालाही वापरू देऊ नये. तेलाचा अंश मिळाला की दाबाखालच्या ऑक्सिजनचा स्फोट होतो. भिंतीच्या आत जोडही असू नये, विशेषतः फ्लेअर नट, म्हणजे पाइपाचे तोंड पसरवून नटाने आवळलेला जोड, तर नाहीच.

पाइप घेण्यापूर्वी मॉडेल ठरवावे. दीड टनाला बहुतेक वेळा बारीक पाइप दोन सूत आणि जाड पाइप चार सूत लागतो, एक टनाला अनेकदा दोन आणि तीन, परंतु मॉडेलागणिक फरक पडतो आणि भिंतीतला पाइप नंतर बदलता येत नाही. बंद भिंतीसाठी ०.८ मिलिमीटर जाडीचा घ्यावा. लक्ष्मीपुरीत पाइप घेताना जाडीबद्दल वाद घालण्यापेक्षा तो वजनकाट्यावर ठेवावा: चार सुती पाइप ०.८ जाडीचा असेल तर मीटरला सुमारे २७० ग्रॅम भरतो, ०.६ चा असेल तर २०० च्या आसपास. १५ मीटरच्या गुंडाळीत हा फरक किलोभराचा होतो आणि तो लपत नाही.

इन्सुलेशन दोन्ही पाइपांना वेगवेगळे हवे, कारण प्रसरण बाहेरच्या युनिटमध्येच होत असल्याने बारीक पाइपही थंड असतो आणि उघडा राहिला तर भिंतीत घाम सोडतो. इन्सुलेशनसह जोडीला साधारण तीन इंच रुंद आणि दीड-पावणेदोन इंच खोल झिरी, म्हणजे भिंतीत पाडलेली खाच, लागते. साडेचार इंची विटांच्या भिंतीत एवढी आडवी झिरी पाडणे मला मान्य नाही. तिथे फॉल्स सीलिंगमधून न्यावे किंवा बाहेरून केसिंग करावे.

ड्रेनकडे, म्हणजे एसीचे पाणी काढणाऱ्या पाइपाकडे, सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. २५ मिलिमीटरचा कडक पीव्हीसी पाइप मीटरला किमान एक सेंटिमीटर ढाळ देऊन, पाणसळ लावून बसवावा, त्यालाही इन्सुलेशन गुंडाळावे आणि तो बाथरूमच्या जाळीवर सोडावा. मैलापाण्याच्या लाइनला थेट जोडल्यास वास खोलीत येतो. झिरी बुजवण्यापूर्वी वरून बादलीभर पाणी ओतून ते खाली पूर्ण येते का, हे स्वतः उभे राहून पाहावे.

आता वायर. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी साधारणपणे दहा अँपिअरच्या आतच राहतो, त्यामुळे २.५ ची वायर लगेच जळेल असे मी म्हणणार नाही. तरीही बंद पाइपातली वायर तासन्‌तास भार घेते आणि ती नंतर बदलणे त्रासाचे असते. म्हणून प्रत्येक एसीला डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची वायर, २० अँपिअरचा सी कर्व्ह (सुरुवातीचा झटका सोसणारा) एमसीबी आणि नीट अर्थिंग घ्यावे. काही मॉडेलांत वीज आतल्या युनिटला द्यावी लागते, काहींत बाहेरच्या, म्हणून दोन्ही जागांदरम्यान २५ मिलिमीटरचा कंड्यूट (वायरसाठीचा पाइप) ओढतार घालून रिकामा ठेवावा. त्यातून पुढे चार कोअरची केबल अखंड ओढता येईल. तिच्यात मध्येच पीळ मारून जोड दिला, तर दोन युनिटांमधली सिग्नलची तार कुरकुरते आणि दोष सर्किट बोर्डाच्या माथी मारला जातो.

झिऱ्या उघड्या असतानाच कोपऱ्यापासून आणि फरशीपासून टेप धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढावेत आणि सुताराला ते आधी दाखवावेत. आउटडोअर युनिट आणि त्याचा स्विच पार्किंगमध्ये घेऊ नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी आपल्या भागात कुठवर आले होते, हे शेजाऱ्यांना विचारून त्याच्या चांगले वर, पहिल्या मजल्याच्या सज्जावर किंवा गच्चीवर जागा करावी.

दिवाळीनंतर बसवणारा माणूस नायट्रोजन सोडून थोडा गॅस फुसकन मारतो आणि हवा गेली म्हणतो, तेव्हा त्याला थांबवावे. व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे निर्वाताचे माप) आणावी, पंप बंद करून दहा मिनिटे आकडा चढत नाही ना ते पाहावे, आणि मगच युनिटचे व्हॉल्व उघडावेत.