वाचकांचे प्रश्न : रिफायनरीचा जमाखर्च

कोकणातला रिफायनरी प्रकल्प आणि एकूणच नव्या रिफायनऱ्यांवर होणारा खर्च याबद्दल वाचकांनी बरेच विचारले आहे. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे दिली आहेत.

माहुलला दोन-दोन रिफायनऱ्या, टँकर आमच्या डोळ्यांदेखत भरून बाहेर पडतात. तरी मुंबईत पेट्रोल गुजरातपेक्षा महाग. कोकणात आणखी एक झाली तर इथे स्वस्त होईल का?
(एक वाचक, चेंबूर)

नाही होणार. रिफायनरीच्या फाटकावरचा दर तिथल्या उत्पादनखर्चावरून ठरत नाही. २००६ पासून पेट्रोल-डिझेलसाठी ८० टक्के आयातीचा आणि २० टक्के निर्यातीचा भाव धरून तो काढायची पद्धत आहे. त्यामुळे माल माहुलचा असो की जामनगरचा, पाया तोच. रिफायनरी जवळ असल्याने वाचते ते वाहतुकीचे भाडे, आणि लिटरमागे ते किरकोळ असते.

खरा फरक करात पडतो. केंद्राच्या उत्पादन शुल्कावर राज्याचा व्हॅट चढतो. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत पेट्रोलवर तो २६ टक्के होता, जुलै २०२४ पासून २५ टक्के झाला, आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे वेगळे. गुजरातचा व्हॅट याहून बराच कमी.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. व्हॅट मिळतो तो माल जिथे विकला जातो त्या राज्याला. कंपनीने राजापुरात पेट्रोल बनवून कर्नाटकातल्या स्वतःच्याच डेपोला पाठवले, तर तो साठ्याचा अंतर्गत हलवाहलव व्यवहार धरला जातो आणि त्यावर दोन टक्क्यांचा केंद्रीय विक्रीकरही लागत नाही. ‘रिफायनरी आली की राज्याच्या तिजोरीत पैसाच पैसा’ असे भाषणात कुणी म्हणाले, तर कोणत्या कराचा पैसा ते जरूर विचारा.

सरकारी तेल कंपन्यांचे थोडे शेअर घेऊन ठेवले आहेत. नवी रिफायनरी उभारणे कंपनीला परवडते का? हिशेब आकड्यांत सांगाल?
(एक वाचक, डोंबिवली)

राजस्थानातल्या पचपदऱ्याचे उदाहरण घेऊ. क्षमता वर्षाला ९० लाख टन, भागीदारी हिंदुस्थान पेट्रोलियम ७४ टक्के आणि राजस्थान सरकार २६ टक्के. पहिले भूमिपूजन सप्टेंबर २०१३ मध्ये झाले, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७,२३० कोटी रुपये होता. सरकार बदलले, करार नव्याने झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये कामाचा पुन्हा शुभारंभ झाला. त्या वेळचा आकडा ४३,१२९ कोटी. २०२३ मध्ये तो ७२,९३७ कोटींवर गेला.

आता ढोबळ गणित. एक टन क्रूड म्हणजे साधारण ७.३३ पिंपे. ९० लाख टनांची होतात ६.६ कोटी पिंपे. क्रूडचा भाव आणि त्यातून निघालेल्या मालाचा भाव यांतला फरक म्हणजे ग्रॉस मार्जिन. तो पिंपामागे १० डॉलर धरू, डॉलर ८५ रुपये. वर्षाला ५,६१० कोटी रुपये हाती येतात. चालवण्याचा खर्च, म्हणजे वीज, कॅटॅलिस्ट, देखभाल, पगार, हा पिंपामागे साडेतीन डॉलर धरला तर १,९६० कोटी गेले. उरले सुमारे ३,६५० कोटी. प्रकल्पखर्चाचा दोन तृतीयांश भाग कर्जाचा असतो असे धरले आणि व्याज आठ टक्के, तर नुसते व्याजच होते जवळपास ३,८९० कोटी. मुद्दल, घसारा आणि भागधारकांचा परतावा अजून मोजलेलाच नाही!

दहा डॉलरचे मार्जिनही काही हक्काचे नव्हे. इंडियन ऑइलचे २०२२-२३ चे सरासरी मार्जिन १९.५२ डॉलर होते, २०२४-२५ मध्ये ते ४.८० वर आले. शिवाय मार्जिन चांगले असले म्हणजे नफा झालाच असेही नाही. २०२२-२३ मध्ये पंपावरचे दर गोठवून ठेवल्यामुळे हिंदुस्थान पेट्रोलियमने सुमारे ८,९७४ कोटींचा तोटा दाखवला. रिफायनरी कमावत होती आणि विक्री विभाग गमावत होता. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले हे कागदावर खरे, पण निवडणुका आल्या की दर हलत नाहीत हे आपण सगळे पाहतोच.

ही तूट भरून काढायला दोन वाटा असतात. एक, पेट्रोकेमिकल जोडणे. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन या प्लॅस्टिकना इंधनापेक्षा जास्त भाव मिळतो. मात्र चीनने क्षमता बेसुमार वाढवल्यामुळे अलीकडे तिथलेही मार्जिन दबले आहे. दुसरी वाट राज्य सरकारकडून सवलत घेण्याची. पचपदऱ्यासाठी राजस्थानने आधी वर्षाला ३,७३६ कोटींचे बिनव्याजी कर्ज १५ वर्षे द्यायचे कबूल केले होते, फेरकरारात ते १,१२३ कोटींवर आणले. ओडिशातल्या पारादीपला ११ वर्षे व्हॅट लांबणीवर टाकण्याची सवलत होती. ती राज्याने २०१७ मध्ये काढून घेतली, वाद झाला आणि अखेर वर्षाला ७०० कोटींचे बिनव्याजी कर्ज १५ वर्षे देण्यावर तडजोड झाली. पारादीपची पायाभरणी २००० मध्ये झाली होती, लोकार्पण २०१६ मध्ये.

भागधारक म्हणून क्षमतेपेक्षा वेळापत्रकावर नजर ठेवा. वरच्याच उदाहरणात कर्ज पूर्ण उचलल्यावर कारखाना एक वर्ष उशिरा चालू झाला, तर व्याजाचे जवळपास चार हजार कोटी प्रकल्पखर्चात जाऊन बसतात. वार्षिक अहवालात ‘भांडवली काम प्रगतीपथावर’ हा आकडा वर्षानुवर्षे फुगत असेल तर ते चांगले लक्षण नाही.

आमचे गाव राजापूर तालुक्यात, आम्ही चाकरमानी. नाणार झाले, बारसू झाले, प्रकल्प नेमका अडला कुठे? आणि पुन्हा हालचाल झाली तर आमच्या सामाईक जमिनीचे काय करावे?
(एक वाचक, लालबाग)

आधी प्रकल्प. इंडियन ऑइल ५० टक्के, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम प्रत्येकी २५ टक्के अशी कंपनी २०१७ मध्ये स्थापन झाली. क्षमता एकाच जागी सहा कोटी टन, खर्च अंदाजे तीन लाख कोटी. २०१८ मध्ये सौदी अराम्को आणि अबू धाबीची ॲडनॉक यांनी निम्म्या हिश्शासाठी करार केले. नाणार परिसराची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, शिवसेना-भाजप युतीच्या तडजोडीत रद्द झाली. जानेवारी २०२२ मध्ये त्याच शिवसेनेच्या मुख्यमंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहून बारसूची जागा सुचवली, आणि २०२३ मध्ये विरोधात बसल्यावर त्यांचा पक्ष बारसूच्या आंदोलकांच्या बाजूने उभा राहिला. बाकीच्या पक्षांनीही सोयीप्रमाणे भूमिका फिरवल्या आहेत, कोणी मागे नाही.

कोकणच का? कंपन्यांचे कारण खोटे नाही. आखातातून येणारे व्हीएलसीसी, म्हणजे अजस्र तेलवाहू जहाज, २० लाख पिंपे आणते आणि पूर्ण भरल्यावर त्याला वीस मीटरहून अधिक खोली लागते. मुंबई बंदरात जवाहर द्वीपाच्या जेट्टीला ते पूर्ण भरलेले लागू शकत नाही. कोकणात किनाऱ्यापासून थोडे आत तरंगता बोया टाकून तेल उतरवता येते. माहुलला वाढायला जागा नाही. पण सहा कोटी टनांसाठी सलग तेरा ते पंधरा हजार एकर लागतात, आणि ज्या सड्याला, म्हणजे कातळाच्या पठाराला, नकाशावर ‘पडीक’ म्हणतात तिथे गुरांचे चरणे आहे, कलमे आहेत, पावसाचे पाणी धरणारा कातळ आहे. बारसूची कातळशिल्पे तर २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आमच्या मते एवढा मोठा घास एकदम घ्यायला जाणे हीच मूळ चूक. सध्या पचपदरा, नागपट्टिनम, आंध्रातले रामायपट्टणम हे सगळे ९० लाख टनांच्या आसपासचे आहेत, ते उगाच नव्हे.

आता जमीन. एमआयडीसीमार्फत संपादन झाले तर महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ लागतो. कलम ३२(२) ची नोटीस म्हणजे ‘जमीन का घेऊ नये’ ही विचारणा. हरकत घ्यायची खरी वेळ हीच. ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात आली की जमीन सरकारजमा होते, मग वाद राहतो तो फक्त मोबदल्याचा. मोबदला वाटाघाटीने ठरवायची सोय कलम ३३(२) मध्ये आहे.

मुंबईत राहणाऱ्यांचे नुकसान बहुधा नोटिसीपाशीच होते. ती गावच्या पत्त्यावर जाते आणि घराला कुलूप. म्हणून आत्ताच करायची कामे अशी. सातबारा आणि आठ-अ काढा. आजोबा-पणजोबांची नावे अजून असतील तर वारस नोंद करून घ्या. मयताच्या नावावरची रक्कम कोर्टात किंवा सरकारी खात्यात पडून राहते आणि भाऊबंदकीत दहा वर्षे सहज जातात. ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचे नाव किंवा संपादनाचा शेरा आहे का ते पाहा. एकाने सगळ्यांच्या वतीने सही करू नये, करायचीच असेल तर नोंदणीकृत मुखत्यारपत्राने, आणि त्यात विक्रीचा अधिकार आहे की फक्त पत्रव्यवहाराचा ते स्पष्ट लिहा. संयुक्त मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. कलमे, विहीर, गडगे, गोठा पंचनाम्यात आले नाहीत तर पुढे मोबदल्यातही येत नाहीत.

पर्यावरण मंजुरी ही वेगळी वाट. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचे मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे मसुदा अहवाल, त्याचा मराठी सारांश, ३० दिवसांची पूर्वसूचना आणि मग जनसुनावणी असा क्रम असतो. सुनावणीत मतदान होत नाही, ‘९० टक्के लोक विरोधात’ एवढ्याने मंजुरी थांबत नाही. लेखी, मुद्देसूद हरकत नोंदली गेली तर तज्ज्ञ समितीला तिचे उत्तर प्रकल्पवाल्यांकडून घ्यावे लागते. पाणी कुठून, सांडपाणी समुद्रात किती अंतरावर, गंधकाचे उत्सर्जन किती, असे विचारा. बारसूत एप्रिल २०२३ मध्ये जो संघर्ष पेटला तो याच्याही आधीच्या टप्प्यावर, माती परीक्षणाच्या बोअरवरून.

स्थानिकांना नोकऱ्या किती?
(एक वाचक, मुलुंड)

बांधकामात हजारो, पण चार-पाच वर्षांपुरत्या आणि बहुतेक कंत्राटी. वेल्डर, फिटर, रिगर मोठ्या प्रमाणात बाहेरून येतात, कारण प्रमाणपत्रधारक माणसे तयार असतात. कारखाना चालू झाल्यावर कायम नोकऱ्या हजार-दोन हजारांच्या घरात. ठरावीक वर्षांनी देखभालीसाठी शटडाउन असते तेव्हा महिना-दीड महिना पुन्हा गर्दी. गावाने मागणी करायची तर ‘घरटी एक नोकरी’पेक्षा काम सुरू होण्याआधी दोन वर्षे आयटीआयमध्ये पाइप वेल्डिंग, इन्स्ट्रुमेंटेशन आणि मचाणकामाचे वर्ग मागावेत.

केमिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे. रिफायनरी उभारताना सर्वांत जास्त उशीर कशाने होतो?
(एक वाचक, विक्रोळी)

हायड्रोक्रॅकर (जड तेल हायड्रोजनच्या मदतीने तोडणारे युनिट) आणि डिझेल हायड्रोट्रीटर (डिझेलमधले गंधक काढणारे युनिट) यांच्या रिॲक्टरमुळे बऱ्याचदा. क्रोम-मॉली-व्हॅनेडियम पोलादाच्या जाड घडीव कड्या एकावर एक जोडायच्या, प्रत्येक सांध्याला उष्णता उपचार, मग अल्ट्रासोनिक तपासणी. ऑर्डरपासून दीड-दोन वर्षे लागतात. असे काम हजीऱ्याला एल अँड टी करते, आणि तुमच्याच विक्रोळीत गोदरेज. डिझाइन पक्के होण्याआधी ऑर्डर दिली तर नोझल बदलावे लागतात, आणि उशिरा दिली तर बाकी सगळे उभे राहून रिॲक्टरची वाट पाहत बसते. किनाऱ्यावर असाल तर बार्जने थेट साइटवर. पचपदऱ्यासारख्या आतल्या ठिकाणी मुंद्रा बंदरापासून रस्त्याने न्यावे लागते, आणि वाटेतले पूल हे वजन पेलत नाहीत म्हणून वळणरस्ते बांधावे लागतात.

दुसरा अडथळा चालू करण्याच्या क्रमात असतो. बॉयलर, नायट्रोजन, शीतपाणी, इन्स्ट्रुमेंट एअर आधी, मग क्रूड युनिट. पण क्रूड युनिट चालले म्हणजे विकण्याजोगे डिझेल आले असे नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू आहे, गंधक १० पीपीएमपर्यंतच (दहा लाखांत दहा भाग) चालते. त्यासाठी हायड्रोजन युनिट, हायड्रोट्रीटर आणि गंधक परत मिळवणारे युनिट, तिन्ही एकत्र तयार लागतात. एक जरी मागे पडले तर मधल्या टाक्या भरतात आणि नॅफ्था, फर्नेस ऑइल मिळेल त्या भावाला काढावे लागते. नायजेरियातली डांगोटे रिफायनरी, रोज साडेसहा लाख पिंपांची, जानेवारी २०२४ मध्ये डिझेल आणि विमान-इंधनापासून सुरू झाली. पेट्रोल यायला सप्टेंबर उजाडला.

माहुलच्या वासाची तक्रार कुठे आणि कशी करावी?
(एक वाचक, आंबापाडा)

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, कार्यालय शीवला आहे. ‘फार वास येतो’ एवढ्यावर काही होत नाही. तारीख, वेळ, वारा कुठून होता आणि वास कसला ते लिहा. कुजक्या अंड्यासारखा असेल तर हायड्रोजन सल्फाइड, पेट्रोलपंपासारखा असेल तर टाक्या किंवा टँकर भरण्याच्या जागेवरची वाफ, डोळे चुरचुरले तर अमोनियाही असू शकतो. माहुलमध्ये रिफायनऱ्यांशिवाय रसायनांच्या टाक्या आणि जवळच खत कारखाना आहे, म्हणून स्रोत ओळखणे महत्त्वाचे. पंधरा-वीस घरांनी महिनाभर अशी वही ठेवली तर ती हरित लवादापुढेही चालते. उपायही ठाऊक असलेलेच आहेत: टाक्यांच्या तरंगत्या छताला दुहेरी सील, भरताना वाफ परत ओढणारी यंत्रणा, झडपांची नियमित गळती तपासणी.

विजेच्या गाड्या येत असताना नव्या रिफायनऱ्या हव्यातच कशाला?
(एक वाचक, बोरिवली)

देशाची क्षमता वर्षाला सुमारे २५.८ कोटी टन आहे आणि २०२४-२५ मध्ये खप सुमारे २३.९ कोटी टन होता. म्हणजे एकूण बेरजेत तुटवडा नाही. डिझेल आपण निर्यात करतो. तुटवडा आहे तो घरगुती गॅसचा, निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो, आणि प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाचा. पण क्रूडमधून एलपीजी निघतो तो मोजकाच, त्यामुळे गॅससाठी म्हणून रिफायनरी उभारणे हा द्राविडी प्राणायाम आहे. दुचाकी-तिचाकी विजेवर गेल्या की आधी पेट्रोल घटेल, ट्रकचे डिझेल त्यानंतर बरेच उशिरा आणि विमान-इंधन सर्वांत शेवटी. आज मंजूर झालेला कारखाना सात-आठ वर्षांनी चालू होतो आणि पुढे तीस वर्षे चालवावा लागतो. तेव्हा नव्या प्रस्तावात पेट्रोल किती टक्के आणि पेट्रोकेमिकल किती, हे आधी बघावे. पेट्रोलचा वाटा मोठा असेल तर तो प्रस्ताव जुन्या हिशेबावर बेतलेला आहे.