आधी पॉम्पेई, मग नेपल्सचं संग्रहालय

नेपल्समध्ये दोनच दिवस आहेत, पॉम्पेई तर बघणारच, मग पुरातत्त्व संग्रहालयाला वेगळा दिवस द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. जरूर द्या. फक्त क्रम सांभाळा: पहिल्या दिवशी पॉम्पेई, दुसऱ्या दिवशी संग्रहालय. मी पहिल्या खेपेला उलट केलं. वस्तू सुंदर वाटल्या, पण त्या कुठल्या घरात, कुठल्या कोपऱ्यात होत्या हे काही डोळ्यांसमोर येईना. आणि हो, मंगळवारी संग्रहालय बंद असतं.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं हे शहर १७४८ पासून खणायला लागले, आणि जे जे चांगलं सापडलं त्यातलं बरंचसं नेपल्सच्या राजाच्या संग्रहात गेलं, आणि तिथून या संग्रहालयात आलं. म्हणून आज पॉम्पेईतली घरं रिकामी वाटतात. तिथे ‘कासा देल फाउनो’ नावाचा प्रचंड वाडा आहे. त्याच्या अंगणातला नाचरा फॉन (रोमन पुराणातला वनदेव) आणि आतल्या जमिनीवरचं अलेक्झांडर व इराणचा राजा दरायस यांच्या लढाईचं मोझेक, म्हणजे रंगीत दगडी तुकड्यांचं चित्र, दोन्ही प्रती आहेत. तरी तिथे थोडा वेळ थांबा, जागा नीट मनात साठवा. दुसऱ्या दिवशी मूळ वस्तू बघताना एवढी लढाई कुणीतरी घरात पायाखाली घातली होती हे खरोखर जाणवतं. दहा लाखांहून जास्त बारीक तुकडे आहेत त्यात! मात्र अलीकडे या मोझेकच्या जतनाचं काम हाती घेतलेलं आहे, तेव्हा ते बघायला मिळेल का हे आधी संकेतस्थळावर पाहून घ्या.

संग्रहालयाच्या तळमजल्यावरचे, फार्नेसे या इटालियन सरदार घराण्याच्या संग्रहातले अवाढव्य पुतळे पॉम्पेईचे नाहीत, रोमहून आलेले आहेत. अर्धा तास पुरे. उरलेला वेळ वरच्या भित्तिचित्रांना आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंना द्या. जळून कोळसा झालेला गोल पाव आहे, त्यावर फोडी पाडायच्या रेघा अजून स्पष्ट दिसतात. मी सगळ्यात जास्त वेळ त्या पावापाशी उभा होतो.

आता आपल्या जिव्हाळ्याचं. मोझेकच्याच मजल्यावर ‘गाबिनेत्तो सेग्रेतो’, म्हणजे गुप्त दालन आहे. तिथे शृंगारिक वस्तू ठेवलेल्या आहेत, त्यामुळे मुलं बरोबर असतील तर आधी विचार करा. याच दालनात १९३८ साली पॉम्पेईत सापडलेली सुमारे २४ सेंटिमीटरची हस्तिदंती भारतीय मूर्ती आहे. भरगच्च दागिने, दोन बाजूंना दोन दासी. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून ती प्रसिद्ध झाली, पण बरेच अभ्यासक आता तिला यक्षी मानतात. डोक्यावर भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी. तळाशी खरोष्ठी या प्राचीन लिपीतलं अक्षर असल्यामुळे काहीजण तिचा संबंध भारतीय उपखंडाच्या वायव्येकडे जोडतात, तर काहीजण जालना जिल्ह्यातल्या भोकरदनकडे, कारण तिथल्या उत्खननात अशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. मला भोकरदनचा दावा बळकट वाटतो. सातवाहन काळात तिथे हस्तिदंताचं काम होतंच, आणि रोमशी व्यापारही चालू होता.

परतल्यावर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जायचं जमवा. तिथल्या लामतुरे संग्रहालयात हिच्याच जातकुळीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. नेपल्सची मूर्ती डोळ्यांसमोर ताजी असतानाच ती बघा.