शिकून डबेच पोचवायचे का?

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे. गृहविज्ञानात अन्न व पोषण विषय घेऊन यंदा पदवीधर झाली. आम्ही कराडला असतो. तिला पुण्यात दोन ठिकाणी बोलावणं आहे. एका खासगी रुग्णालयाच्या आहार विभागात मदतनीस, पगार १९ हजार. दुसरी जागा एका संस्थेत. ती एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना दुपारचा डबा घरपोच देते आणि आठवड्यातून तीन दिवस एका सभागृहात त्यांची पंगत बसवते. तिथे १६ हजार. मुलीला संस्थाच हवी आहे. आमचे हे म्हणतात, एवढं शिकवलं ते डबे पोचवायला का? मलाही वाटतं, सेवा करायला पुढे आयुष्य पडलंय. काय करावं? – एक आई

उत्तर :

ताई, पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही रुग्णालयाच्याच बाजूने होते. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीला महिन्याचे तीन हजार म्हणजे काही थोडे नाहीत. मग म्हटलं, दोन्हीकडे तिचा दिवस कसा जाईल ते आधी बघू. रुग्णालयात नव्या मुलीच्या वाट्याला बहुधा आहारतज्ज्ञांनी लिहिलेला तक्ता स्वयंपाकघरात पोचवणं आणि ताट बरोबर खाटेवर गेलं का ते बघणं एवढंच येतं. काम वाईट नाही. पण रुग्ण चार दिवसांनी घरी जातो आणि तिथे काय खातो, काय टाकतो, ते तिला कळायची सोय नाही. डब्याच्या कामात नेमकं तेच रोज कळतं.

माझी आत्या सदाशिव पेठेत एकटी राहायची. तिलाही असाच डबा यायचा. नवा डबा द्यायचा, कालचा घेऊन जायचा. सलग तीन दिवस पोळी तशीच परत गेली, वरण-भात तेवढा संपलेला. चौथ्या दिवशी डबा आणणाऱ्या मुलीने दारातच विचारलं, "आजी, कवळी टोचते का?" टोचतच होती. आम्ही भाचरं रोज फोन करत होतो बरं का, आणि आत्या आम्हाला "छान जेवले" म्हणून सांगत होती!

आता स्वयंपाकघराचं. शंभर माणसांचा स्वयंपाक एक वेळ जमतो, शंभर तऱ्हेचे डबे भरणं अवघड. कुणाला मीठ कमी, कुणाला दाण्याचं कूट नको, कुणाची पोळी आमटीत कुस्करूनच द्यावी लागते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळीचं आणि काही भाज्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं लागतं. रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांना पालक-मेथी चालते, पण एक आठवडा रोज आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही, असं करून भागत नाही. एकादशीला तर परीक्षाच. साबुदाण्याची खिचडी दिली नाही तर आजोबा रुसतात, भरपूर दिली तर साखर चढते. मग वाटीभर खिचडी, सोबत दही आणि काकडीची कोशिंबीर, अशी तडजोड काढावी लागते, आणि ती आजोबांच्या गळीही उतरवावी लागते.

त्याहून अवघड गोष्ट डबा पोचल्यावर घडते. अकराला आलेल्या डब्यातला अर्धा भात रात्रीसाठी झाकून ठेवणारी कितीतरी म्हातारी माणसं आहेत. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे तासन् तास राहिलं की जंतूंना मोकळं रान मिळतं. भातात तर शिजवूनही न मरणारे बीजाणू असतात, आणि त्यांच्यापासून वाढलेल्या जंतूंचं विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. हे तुमच्या लेकीने परीक्षेत लिहिलं असेल. पण "अन्न टाकवत नाही गं" म्हणणाऱ्या आजींना विष-जंतू समजावायचे, की त्यांची रात्रीच्या जेवणाची सोयच नाही हे ओळखून संस्थेत येऊन सांगायचं? हा प्रश्न कुठल्याही प्रश्नपत्रिकेत आलेला नसतो.

असं काही क्षेत्र तरी असतं का, ही तुमच्या यजमानांची शंका रास्त आहे. अमेरिकेत ज्येष्ठांसाठीचा कायदा १९६५ चा आहे आणि त्याखालचा जेवणाचा कार्यक्रम १९७२ पासूनचा. ६० च्या पुढच्यांना केंद्रात किंवा घरी जेवण मिळतं, त्यात दिवसभराच्या पोषणाचा किमान एक तृतीयांश वाटा असावा लागतो, आणि पैसे ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे, मनाने द्यायचे. तिथे त्यासाठी पगारी आहारतज्ज्ञ असतात. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेतच साठीपुढची माणसं १० कोटींवर होती, पण घरपोच जेवणाचं बरंचसं काम संस्था, मंडळं आणि घरगुती डबेवाल्या बायका यांच्याच जिवावर चालतं. म्हणून गरज भरपूर आणि नोकऱ्या थोड्या. हे मी गोड करून सांगणार नाही.

आणखी एक उणी बाजू. पुढे तिला नोंदणीकृत आहारतज्ज्ञ व्हायचं असेल, तर पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातली उमेदवारी हा नेहमीचा रस्ता आहे. संस्थेतली वर्षं त्या उमेदवारीची जागा घेणार नाहीत. म्हणून मी म्हणेन, दीड वर्ष, फार तर दोन. मग एम.एस्सी. कदाचित तोवर तिला समाजकार्याचं शिक्षण जवळचं वाटेल. त्याचीही दारं पुण्या-मुंबईत उघडी आहेत.

मात्र सेवा या शब्दाखाली पगार, सुट्टी आणि कामाचे तास झाकले जातात, तेवढं सांभाळा. नेमणुकीचं पत्र लेखी घ्या. संस्थेत २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो, तो कापतात का ते विचारा. देणग्या थांबल्या तर किती महिने पगार निघेल, हेही विचारा. विचारायला लाजू नका, चांगली संस्था रागावत नाही. अन्न हाताळणाऱ्या दर २५ जणांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं सांगणं आहे. त्यासाठी 'फोस्टॅक' नावाचं प्रशिक्षण असतं. ते संस्थेने तिला द्यावं, ही अट पगारवाढीच्या आधी घाला.

आणि घरून निघण्याआधी तिला नाही म्हणायला शिकवा. आजी-आजोबा जीव लावतात आणि मग एटीएमचं कार्ड पुढे करतात, "बाळा, एवढे पैसे काढून आण." पैसे काढायचे नाहीत, पासबुकाला हात लावायचा नाही, गोळ्या स्वतःच्या मनाने द्यायच्या नाहीत. अडचण दिसली की कार्यालयात कळवायचं. एखाद्या सकाळी दार उघडणार नाही, तेव्हा काय करायचं आणि कुणाला फोन करायचा, हे संस्थेने पहिल्याच दिवशी सांगितलेलं असावं.

हो म्हणण्याआधी तुम्ही दोघं एकदा पुण्याला जाऊन या. सकाळी लवकर स्वयंपाकघर बघा, पण दुपारपर्यंत थांबा. वाटप करून मुली परततात, तेव्हा त्यांच्याबरोबर आदल्या दिवशीचे डबे येतात. ते घासायला टाकण्याआधी कुणी उघडून बघतं का? कुणाचं काय उरलं, ते वहीत लिहितं का? लिहीत असतील तर लेकीला खुशाल तिथे पाठवा. डबे तसेच मोरीकडे जात असतील, तर रुग्णालयाचे १९ हजार घ्या.