आधी मज्जातंतू, मग सुई

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. सासूबाईंचा गुडघा अ‍ॅक्युपंक्चरने बराच सुधारला, ते पाहून ती ‘नीट’ (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) सोडून थेट अ‍ॅक्युपंक्चरच्या कोर्सला जायचं म्हणतेय. तिचे बाबा म्हणतात, ही निव्वळ मनाची समजूत. सुईने शरीरात खरंच काही होतं का? तिला जाऊ द्यावं का? – एक आई, परळ

उत्तर: ताई, बापलेक दोघंही अर्धे बरोबर आहेत.

गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला केसाएवढी सुई टोचून हलकेच फिरवली की दुखत फारसं नाही. पाय जड होतो, मुंग्या येतात. सासूबाईंना विचारून बघा. मज्जातंतूंनी धाडलेला हा निरोप मज्जारज्जूतून मेंदूत पोचतो आणि मेंदू स्वतःची वेदनाशामकं सोडतो, एंडॉर्फिन. अफूजन्य औषधांचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन दिलं की सुईचा गुणही उतरतो, हे 1977 साली दिसलं. गंमत म्हणजे दुसऱ्याच वर्षी दाढ काढलेल्या रुग्णांत प्लासिबोचा, म्हणजे खोट्या औषधाचा, गुणही नॅलोक्सोनने उतरलेला आढळला. म्हणजे बाबांची ती ‘समजूत’सुद्धा मेंदूत रसायनं सोडते! 2010 साली उंदरांवरच्या प्रयोगात सुईच्या आसपास अ‍ॅडिनोसिन हे शरीरातलंच रसायन वाढून वेदना दबल्याचं दिसलं. पण खोट्या जागी, वरवर टोचलेल्या सुयांनीही पुष्कळांना बरं वाटतं. खऱ्या-खोट्यातला फरक चाचण्यांत थोडाच निघतो. तेव्हा दुखण्यापुरतं ठीक. सुईने शुगर घालवतो म्हणणाऱ्या पाट्यांवर मात्र विश्वास ठेवू नका.

आता कोर्सचं. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी 2015चा वेगळा कायदा आहे, त्यामुळे हा धंदा चोरीछुपा नाही. तरीही बारावीनंतर लगेच नको, असंच मी म्हणेन. छातीवर सुई जरा खोल गेली तर फुफ्फुसाला भोक पडू शकतं, आणि कातडीखाली कुठे काय आहे हे चार तक्ते पाठ करून कळत नाही. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर 1938 साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले डॉ. बसू पुढे हीच विद्या तिथून शिकून आले, पण ते आधीच डॉक्टर होते.

‘नीट’ सोडू देऊ नका. एमबीबीएसला नंबर नाही लागला तर फिजिओथेरपी उत्तम. केईएम हॉस्पिटल तर तुमच्या घराजवळच. तिथे हाडं, स्नायू, मज्जातंतू पक्के होतील, रोज दुखणाईत माणसं हाताखालून जातील. सुई त्यानंतर शिकता येते, आणि पेशंटही मग विश्वासाने येतो.

बारावीच्या बायोलॉजीत ‘कंट्रोल अँड कोऑर्डिनेशन’ नावाचा धडा आहे. तो ती कसा वाचते, जरा लांबून बघा. जांभया देत असेल तर मला पुन्हा लिहा, मग वेगळं बोलू.