फुगडी येते ना? मग लिंडी हॉपही येईल

गेल्या अंकात जाता जाता लिहिलं होतं की मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्विंग डान्स (जॅझच्या ठेक्यावर जोडीने करायचा नाच, लिंडी हॉप हा त्यातलाच) शिकायला लागले, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की काय सांगू. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, चार्ल्सटन, लिंडी हॉप, जाईव्ह असे जुने सोशल डान्स, म्हणजे स्टेजसाठी नाही तर एका हॉलमध्ये आपापल्या मजेसाठी लोक नाचायचे ते, याबद्दल सगळ्यांना काही ना काही विचारायचंय. चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न : ताई, मी ५४ वर्षांची, बँकेतून व्हीआरएस घेतलीय. लिंडी हॉपचे व्हिडिओ बघून वेड लागलंय पण एक तर वय, दुसरं म्हणजे पार्टनर नाही, मिस्टर म्हणतात "हे आपलं नाही, तूच जा." आयुष्यात कधी नाचले नाही, गणपतीतसुद्धा कडेला टाळ्या वाजवत उभी असते. जमेल का? — एक वाचक, नाशिक

आधी एक सांगा, लहानपणी मंगळागौरीला फुगडी घातलीय का? घातली असेलच. मग लिंडी हॉपमधली सगळ्यात अवघड गोष्ट तुमच्या अंगाला आधीच माहितीय. फुगडीत आपण पाय जवळ ठेवतो, हात धरतो आणि अंग मागे टाकतो, समोरचीनेही टाकलेलं असतं म्हणून कोणी पडत नाही. लिंडीची जी मुख्य स्टेप, स्विंगआउट, त्यात हीच ओढ असते, दोघं लांब जातात, हात ताणले जातात आणि त्या ताणातूनच परत जवळ येतात. फरक एवढाच की फुगडीत एकीने हात सोडला तर दोघी आपटतात, इथे हात सुटला तरी तुम्ही आपल्या पायावर उभ्या राहिल्या पाहिजेत, म्हणजे भार समोरच्यावर टाकायचा नाही, नुसती चाहूल द्यायची. बोटं हुकासारखी अडकवायची, अंगठ्याने दाबायचं नाही. मला हे कळायला तीन महिने लागले कारण मी रॉड पकडावा तसा हात पकडायचे, लोकलची सवय.

वयाचं म्हणाल तर फ्रँकी मॅनिंग हे नाव लक्षात ठेवा. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात सॅव्हॉय बॉलरूम होतं, १९२६ ला सुरू झालं, १९५८ ला बंद पडलं, लिंडी हॉप बहरला तो तिथल्या काळ्या पोरापोरींच्या पायांनी. आणि त्या काळात अमेरिकेत गोरे-काळे एका फ्लोअरवर नाचणं ही किती मोठी गोष्ट, पण सॅव्हॉयमध्ये ते चालायचं. फ्रँकी तिथला हिरो. मग रॉक अँड रोलचं युग आलं, स्विंगची मागणी संपली, तर हा माणूस पोस्टात नोकरीला लागला आणि कित्येक वर्षं तिथेच राहिला. ऐंशीच्या दशकात तरुण मुलं शोधत शोधत त्याच्यापर्यंत पोचली, तेव्हा सत्तरीत पुन्हा शिकवायला लागला तो २००९ मध्ये गेला तोपर्यंत, पंचाण्णवाव्या वाढदिवसाला महिनाही उरला नव्हता. तुम्ही बँकेतून, तो पोस्टातून, बघा बरं.

पार्टनर नाही ही अडचणच नाही. सोशल डान्सच्या क्लासमध्ये दर काही मिनिटांनी पार्टनर बदलतात, उलट नवरा-बायको सोबत आले की एकमेकांच्या चुका काढत बसतात असं माझं मत (पटणार नाही काहींना). आणि हो, "लीड" (दिशा देणारा) म्हणजे पुरुष आणि "फॉलो" (मागे जाणारी) म्हणजे बाई असं आता राहिलं नाही, क्लासला बायका जास्त असतील तर लीड शिका, मी दोन्ही शिकलेय.

मिस्टरांच्या "आपलं नाही"ला उत्तर म्हणून सांगते, १९३५ मध्येच मुंबईच्या ताजमध्ये लिऑन ॲबीचा काळ्या कलाकारांचा जॅझ बँड वाजत होता. आणि पुढे चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक तेच सूर घेऊन सी. रामचंद्रांच्या ऑर्केस्ट्रात बसले, म्हणजे ज्या गाण्यांवर मिस्टर पाय हलवतात ना त्यातला निम्मा ठेका तिकडूनच आलाय.

सुरुवात घरीच करा. ओट्याशी भाजी परतताना स्विंगचं एखादं मध्यम गाणं लावा, मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांचं, आणि नुसतं जागेवर चाला, गुडघे सैल सोडून. ठोके चार-चार मोजा, टाळी मात्र एक आणि तीनवर वाजवू नका, दोन आणि चारवर वाजवा. आपल्याला समेवर टाळी द्यायची सवय त्यामुळे हात आपोआप एकवर जातो, आठवडाभर चुकेल, चुकू दे. ते जमलं की सहा ठोक्यांची स्टेप : एक-दोनला मागे पाऊल टाकून परत पुढच्या पायावर (याला रॉक स्टेप म्हणतात), मग तीन-चार या दोन ठोक्यांत तीन छोटी पावलं बाजूला (ही ट्रिपल स्टेप), मग पाच-सहात तशीच तीन छोटी पावलं परत. छोटी म्हणजे खरंच छोटी, एका लादीच्या आत. नवीन माणूस हमखास मोठी पावलं टाकतो आणि मग गाणं पुढे, आपण मागे. आणि खाली पायांकडे बघू नका, मी पहिल्या क्लासला बघत होते तर कपाळ थेट समोरच्याच्या हनुवटीवर, तो बिचारा आठवडाभर चावताना मला आठवत असेल.

प्रश्न : मुलाच्या मित्राचं लग्न आहे मडगावला, जानेवारीत. आम्हा दोघांना डान्स फ्लोअरवर ओढणार हे नक्की. सहा आठवडे आहेत. लाज निघू नये एवढंच शिकवा. — एक जोडपं, ठाणे

गोव्याच्या कॅथलिक लग्नात नवरा-नवरीचा वॉल्ट्झ असतो, मग सगळ्यांना बोलावतात, ग्रँड मार्च असतो म्हणजे हात धरून रांगा करून बँडच्या तालावर फिरायचं, त्याला काही यावं लागत नाही, पुढच्याच्या मागे जायचं बास. शेवटी शेवटी मसाला सुरू झाला, म्हणजे कोंकणी गाणी एकामागून एक, की तुम्ही वाटेल ते नाचा, कोणी बघत नाही कारण सगळेच नाचतायत. तेव्हा खरा अभ्यास वॉल्ट्झचा.

तुमच्यापैकी कोणी तबला ऐकलाय? दादरा घ्या. धा धी ना, धा ती ना. वॉल्ट्झ तीनचा असतो, पण पावलं मोजायची तर दादऱ्यासारखी सहा मोजा, कारण तीनमध्ये पाय अदलाबदल होतात आणि तिथेच लोक अडकतात की आता कुठला पाय. साहेबांसाठी : "धा" डावा पुढे, "धी" उजवा बाजूला, "ना" डावा जवळ. पुढचा "धा" उजवा मागे, "ती" डावा बाजूला, "ना" उजवा जवळ. झाला चौकोन. वहिनींनी याचं उलट, "धा"ला उजवा मागे आणि तसंच पुढे. दिवाणखान्यातला टीपॉय बाजूला सारा, दोघांनी आधी वेगवेगळं करा, तोंडाने बोल म्हणत, मग हात धरा. साहेबांचा उजवा हात वहिनींच्या डाव्या खांद्याच्या मागच्या हाडावर, कमरेवर नाही, सिनेमात कमरेवर असतो म्हणून सगळे तिथे धरतात आणि मग दिशाच कळत नाही.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते, फ्लोअरवर सगळी जोडपी घड्याळाच्या उलट फिरत असतात, म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट. तुम्ही सवयीने देवळासारखं गेलात तर समोरून ट्रॅफिक. जागेवरच चौकोन करणार असाल तर सरळ मधे जाऊन उभे राहा, कडा फिरणाऱ्यांसाठी सोडा.

रोज पंधरा मिनिटं पुरेत. रविवारी दोन तास करून बाकी आठवडा काही नाही, असं करू नका.

प्रश्न : शूज कुठले घ्यायचे? स्पोर्ट्स शूज चालतील? — एक वाचक, कोल्हापूर

पहिले दोन महिने काही घेऊ नका. पण रबरी सोलचे, जमिनीला घट्ट चिकटणारे स्पोर्ट्स शूज टाळा, वळताना पाय जागेवर राहतो आणि गुडघा एकटाच वळतो, मग ऑर्थोपेडिककडे जावं लागतं. गुळगुळीत झालेले जुने चामडी सोलचे बूट कपाटात असतील तर तेच काढा. टिकलं तर मोची सोलला साबर लावून देतो, माझ्या मोचीने आधी विचारलं की "ताई उलटं लावायचं का?" पण दिलं छान लावून. नुसत्या मोज्यांवर गुळगुळीत फरशीवर नाचू नका. टाचा असतील तर बुटक्या.

प्रश्न : मी २३ वर्षांचा, सोशल डान्सला जातो पण मुलींना विचारायचं धाडसच होत नाही, भिंतीला टेकून घरी येतो. विचारलं आणि नाही म्हणाली तर? — एक वाचक, पुणे

तर "ओके" म्हणायचं आणि दुसऱ्या कोणाला तरी विचारायचं. पाय दुखत असेल, पाणी प्यायचं असेल, किंवा तुझ्यासोबत नाचायचं नसेल, तिन्हीत कारण विचारायचं नाही. विचारताना समोर येऊन, नजर देऊन, "डान्स करायचा का?" एवढंच. हात धरून ओढायचं नाही आणि एक गाणं झालं की थँक्यू म्हणून सोडायचं. एका गाण्यापुरतंच नातं असतं ते, तू उगाच आयुष्याचं टेन्शन घेतोयस. आणि नाचता नाचता समोरच्या मुलीला शिकवायला जाऊ नकोस रे बाबा, तीन महिन्यांची पोरं हे फार करतात, मला परवा एकाने माझा ट्रिपल स्टेप कसा चुकतोय ते अख्खं गाणंभर समजावून सांगितलं. आधी माझ्यासारख्या काकवांना विचार, आम्ही सहसा नाही म्हणत नाही.

आणि बॅगेत एक जादा शर्ट ठेव. चौथ्या गाण्यानंतर पाठ ओली चिंब होते आणि समोरचीला हात तिथेच ठेवायचा असतो.