1 कोटी 1 लाख 40 हजार आले कुठून?

प्रश्न : आई-वडिलांच्या माघारी कर्वेनगरमधला टू बीएचके आम्हा दोघा भावंडांच्या नावावर आला. इमारत 1989 ची, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. करारात क्षेत्रफळ 780 चौरस फूट. घर मी ठेवायचं आणि धाकट्या बहिणीला निम्मी रक्कम द्यायची, असं ठरलंय. ती न्यू जर्सीला असते. तिने एका संकेतस्थळावर माहिती भरली, तर किंमत आली 1 कोटी 1 लाख 40 हजार. इथला एजंट म्हणतो, 78 लाखांच्या वर काही येणार नाही. मी एजंटला हाताशी धरलंय असं बहिणीला वाटतंय. बोलणं जवळजवळ बंद आहे. खरी किंमत कोणती? (स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.)
— एक वाचक, पुणे

उत्तर : स्क्रीनशॉट जोडलात ते फार बरं केलंत. त्यात खाली बारीक अक्षरात दर दिलाय : 13,000 रुपये चौरस फूट, कार्पेट, म्हणजे भिंती सोडून आतल्या जागेचा. 780 गुणिले 13,000, झाले 1 कोटी 1 लाख 40 हजार. संगणकाने केलंय ते एवढंच. पण तुमचे 780 कार्पेट नाहीत. त्या काळच्या करारांत बहुतेक वेळा बिल्ट-अप लिहीत, भिंतींसकट. ढोबळमानाने 1.2 ने भागा, 650 येतात. आता तोच गुणाकार करा : 84 लाख 50 हजार. जवळजवळ 17 लाख भिंतींतच जिरले! यात बहिणीची चूक नाही हो. रकान्यात नुसतं ‘क्षेत्रफळ’ विचारलं की माणूस करारातलाच आकडा भरणार.

बरं, हे 13,000 तरी कुठले? असे दर बरेचदा जाहिरातींवरून काढतात, आणि जाहिरातीतला भाव म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. त्यात आसपासचे नवे टॉवरही येतात. लिफ्ट, झाकलेलं पार्किंग, सगळं असलेले. तुमच्या जिन्याने गुडघे धरत तिसऱ्या मजल्यावर येणारं गिऱ्हाईक वेगळं. गंमत म्हणजे ज्याला आपण नावं ठेवतो त्या रेडी रेकनरमध्ये, म्हणजे सरकारच्या भागवार दरपत्रकात, इमारतीच्या वयाचा घसारा आणि विनालिफ्ट वरच्या मजल्याची घट धरायची सोय आहे. अर्थात तो दर मुद्रांक शुल्कासाठी. भावाबहिणीच्या वाटणीसाठी नव्हे.

बहिणीचा विश्वास कुठून आला तेही कळतं. तिकडे झिलो नावाच्या संकेतस्थळावर 2006 पासून घराघराची अंदाजे किंमत दिसते. पण 2016 मध्ये त्याच कंपनीच्या तेव्हाच्या मुख्याधिकाऱ्यांचं सिअॅटलमधलं घर विकलं गेलं साडेदहा लाख डॉलरला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच संकेतस्थळावर अंदाज होता साडेसतरा लाख. पुढे स्वतःच घरं विकत घेऊन विकण्याचा धंदाही त्यांनी नोव्हेंबर 2021 मध्ये गुंडाळायला घेतला. घरांच्या किमतींचा अंदाज बांधणं जमेना, असं त्यांनीच सांगितलं. हे तिला कळवा, पण टोमणा मारून नको.

हे अंदाज सगळीकडे फसतात असंही नाही. मगरपट्ट्यासारख्या ठिकाणी एकाच नकाशाची शेकडो घरं, सतत खरेदी-विक्री. तिथे संगणक बऱ्यापैकी जवळ जातो. तुमच्या बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीत पाच वर्षांत एखादं घर विकलं जात असेल, तर तो शिकणार कशावरून?

मी 31 वर्षं मूल्यांकन करतेय. माझ्या पर्समध्ये टेप, टॉर्च आणि पाच रुपयांचं जुनं जाड नाणं असतं. नाण्याने गिलाव्यावर टकटक केलं की पोकळी लगेच बोलते. जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडच्या एकता नगरी भागात नदीचं पाणी शिरलं. त्यानंतर काही महिन्यांनी त्या बाजूचं एक तळमजल्याचं घर बघायला गेले होते. नवा रंग, कडेला फुलदाणी. दिवाण जरा ओढायला सांगितला, तर मागे गुडघ्याएवढ्या उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ. तेवढ्या भागावर रंगवाल्याचा हातच गेला नव्हता. संकेतस्थळावर त्या घराची किंमत शेजारच्या गल्लीइतकीच होती.

तुमच्या एजंटचे 78 मात्र मी डोळे झाकून घेणार नाही. व्यवहार पटकन उरकला की त्याची दलाली सुटते. शिवाय तुमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं काय? कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का? समोरचा रस्ता किती मीटरचा? एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) आणि टीडीआर (विकत घेऊन मिळणारा जादा बांधकामाचा हक्क) किती मिळणार ते त्यावर ठरतं, आणि त्यातून किंमत वरही जाऊ शकते. याबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही. बहिणीला संशय येण्याचं तेही कारण असेल.

तेव्हा असं करा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर तुमच्या आणि लगतच्या इमारतींचे गेल्या दोन वर्षांतले सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे किमतीसकट तपशील, काढा. कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्षातला यांतलं अंतर आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, तरी जाहिरातीपेक्षा ते बरे. मग नोंदणीकृत मूल्यांकक नेमा. निवड बहिणीला करू द्या, फी निम्मी-निम्मी. पैसे घेऊन हक्क सोडला की मुद्रांक शुल्काचं गणित बदलतं, ते वकिलांना आधी विचारा.

मूल्यांकक येईल ती वेळ संध्याकाळी सहाची ठेवा, तिच्याकडे सकाळ असेल. व्हिडिओ कॉल लावा, आणि टेप धरली की प्रत्येक खोलीचं माप मोठ्याने वाचायला सांगा. लिहून तिला घेऊ द्या.